भरणाऱ्याचं नाव

जानेफळ
रविवार, ९ नोव्हेंबर

चि. अर्पिताले,
आईचे पोटभर आशीर्वाद.

आमची खुशाली अशी का तुह्या बाबांची कंबर आता बरी हाय. हरभरा पेरून झाला, तूर फुलावर आली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. खरवस केला तर तुह्या वाटचा डबा फ्रीजात ठेवला होता. चार दिवस वाट पाहून बाबांनीच खाल्ला, अन् वरून मलेच म्हणतात, साखर कमी पडली.

हे सारं फोनवर सांगता आलं असतं, मंग चिठ्ठी काऊन, असं म्हणशीन. फोनवर तू बोलते अन् मी हाव-हाव करते. मधात तोंड घालाची माही हिंमत होत नाई.

मागच्या रविवारी तू केवढी हरखली होती! "आई, तू भरून पाठवलेल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या पाण्यात भलतंच निघालं. बाकीच्या महिन्यांपेक्षा सारं वेगळं. मॅडम म्हणतात, माझ्या पीएच.डी.चा कणा हाच." मी म्हटलं, वा वं माय. मंग तू म्हटलं का बाहेरचं लोखंड शिराचा प्रश्नच नाई, बाटल्या आपण ॲसिडनं धुऊन पाठवतो, थो आंबट वास त्याचाच असते. थे ऐकल्यावर फोन ठेवला तरी मी तशीच बसून राह्यली. भाजी करपली थेही समजलं नाई.

मागच्या वर्षीच्या दसऱ्याले तू पाझर तलावावर नेऊन मले शिकवलं होतं, थे मी विसरली नाई. लोखंडाचे कण सारे एका वजनाचे नसतात, काही हलके, काही जरासे जड. तळाच्या गाळात हवा नसली का बारीक जंतू मातीतलं लोखंड सोडवतात, अन् हलकं आधी पाण्यात उतरते. वर हवा लागली का त्याचाच तांबडा गंज होऊन पुन्हा खाली बसते. हलकं किती अन् जड किती हे मोजलं का लोखंड कुठून आलं, कुठं चाललं, थे उमजते. सातवी शिकलेल्या बाईले एवढं समजलं, म्हणून मी दोन दिवस तोऱ्यात होती.

अन् त्याच तलावावर, तू निघाच्या दिवशी, मी बोलून बसली का लोकांच्या पोरी संसार करतात, तू गंज मोजत बस. तू बाटलीले दोरी बांधत राह्यली. थ्या दिवसापासून दोन दिवाळ्या गेल्या, तू घरी नाई आली. फोन येते, पण पहिला प्रश्न "बाटल्या निघाल्या का?" मीबी मंग तुह्या रिकाम्या बाटल्या तलावावर भरून पुण्याले धाडाच्या पहिल्या तारखेची वाट पाहते. बाटल्यांच्या निमित्तानं का होईना, आवाज तर कानावर पडते.

आता मुद्द्याचं लिहिते.

जूनमधी तुहं खोकं भिजून आलं. पिशव्या फाटलेल्या, बाटल्यांले चिखल, अन् थो आंबट वास. माह्या घरातून असं भांडं बाहेर जाईन? अन् थेबी पुण्याच्या साहेब लोकांपुढं? मी बाटल्यांत चुलीची राख अन् नाल्याची बारीक रेती टाकली, खळखळ हलवल्या, हापशीवर तीन-तीनदा विसळल्या अन् कुंपणावर उलट्या वाळवल्या. मंग तलावाचं पाणी भरलं. अशा लख्ख झाल्या होत्या का मले मोठं समाधान वाटलं. म्हणून जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरातबी तसंच केलं. ऑक्टोबरात सोयाबीनच्या धांदलीत घासाचं राह्यलं, तर थेवढ्याच महिन्याचं पाणी पुन्हा पहिल्यासारखं निघालं. तूच सांगितलं मले थे.

पिशवी पाण्यापाशीच खोलाची, असं तू बजावलं होतं. मले वाटलं, थे धुळीपाई असंन. अवं, भांडं घासणं म्हणजे भांडं बिघडवणं, हे कोणत्या बाईच्या डोक्यात येईन?

म्हणजे तुह्या चार महिन्यांचं जे नवल हाय, थे तलावाचं नाई. थे माह्या राखेचं अन् हापशीच्या गंजलेल्या पाइपाचं हाय.

आठ दिवस मी गप राह्यली. वाटलं, कोणाले कळते? पोरीचं काम होऊन जाईन, नावापुढं डॉक्टर लागंन. मंग डोळ्यापुढं आलं, तू मोठ्या सभेत उभी हाय अन् कोणी विचारून राह्यलं का बाई, पाणी कोणी भरलं? तू ताठ मानेनं माहं नाव सांगशीन. थे मले सहन नाई होणार.

तुहं एक वर्ष वाया गेलं. पुढचा पावसाळा येईलोक थांबा लागंन. मी हे मुद्दाम केलं असं तुले वाटंन, याचीच मले जास्त भीती वाटते. तुह्या गळ्याची आन, मुद्दाम नाई केलं. पण एक खरं सांगते, मनातलं पाप समज. तुले पाण्यासाठी पुन्हा यावं लागंन, हे ध्यानात आलं अन् मले रडता रडता बरं वाटलं. आई असून असं वाटलं. थे गंजाचं बोललेलं मी माघारी घेते. तुहं काम मोठं हाय. घर तुह्याबिगर सुनं सुनं वाटते वं बाई.

या महिन्याच्या बाटल्या जशा आल्या तशा, पिशव्या न खोलता, माघारी धाडते. रिकामं भांडं पाठवत नसतात, म्हणून खोक्यात ज्वारीच्या बिबड्या अन् तुह्या आवडीच्या कुरड्या ठेवल्या.

चिठ्ठ्या मात्र पिशव्यांवर चिकटवल्या, तू शिकवलं तशा. ठिकाण लिहिलं, पाझर तलाव. तारीख कोरी सोडली. भरणाऱ्याचं नाव दर महिन्याले मी माहं, शालूबाई, लिहीत होती, या खेपेले सगळ्यांवर अर्पिता लिहिलं.

तुही वाट पाहणारी,
बाटल्या घासणारी,
आई