करपलेला ओवा

अपेक्षाच्या आबांना,
सारजाचा कॅनडाहून नमस्कार.

लेक आन् बाळ खुशाल हायेत. फोनवर लेकीदेखत बोलता येत न्हाई, म्हणून यवतला निघालेल्या पाव्हण्याजवळ ही चिठ्ठी देते.

बाळंतिणीला जेवण पचावं म्हणून काल तव्यावर ओवा भाजायला घेतला. तो करपला, धूर झाला आन् छताला लावलेला भोंगा बोंबलायला लागला. सगळी बिल्डिंग थंडीत बाहेर, दारात आगीचा बंब! जावई एकेकाची माफी मागत व्हते आन् मी हातात तवा घेऊन उभी. मान वर करवंना.

गावात सांगू नका. तुमचा खोकला कसा हाय? दुधात हळद-सुंठ उकळून घेता ना?

अपेक्षा म्हणली, “आई, तू आता नुसती बसून ऱ्हा.”

एवढ्या लांब मी नुसती बसायला आले व्हते का, आबा?

तुमची,
सारजा