साडूची सीआरपी आणि माझी

३ मार्च
काल हॉस्पिटलमधून घरी. हृदयाच्या नळीत स्टेंट बसला. डॉक्टर म्हणतात, नळी पुन्हा अरुंद होऊ शकते, जपा. शाळेत जन्मभर पीटी शिकवली मी! कोणाला सांगतायत? त्याच आठवड्यात साडूलाही स्टेंट बसला. बसणारच. चहाचा कप उचलला तरी त्याला दम लागतो.
संकल्प : सिगरेट बंद. रोज पळणे. साडूची कीव करणे.

७ मार्च
सिगरेट बंद. गच्चीवरची धरत नाही. ती मोकळ्या हवेत असते.

२१ मार्च, सकाळ
पळायला निघालो. कोपऱ्यावर बुटाची लेस सुटली. मूड गेला. परत.

१२ एप्रिल
रक्ताचा रिपोर्ट. सीआरपी म्हणून एक भानगड असते, अंगात कुठे सूज, दाह असला की वाढते. माझी आठ. साडूची चार. डॉक्टर म्हणाले, आठ फार झाली, नळीच्या आत धुसफुस चालू असणार. मी म्हटलं, हिरड्या सुजल्यात, त्यामुळे असेल. मग हिरड्या दाखवा आणि सिगरेटही सोडा, म्हणाले. मुद्दा सोडून बोलतात.
टॅक्सीत हिला म्हटलं, बघ, इथेही तुझ्या बहिणीचा नवरा माझ्या निम्माच! ही खिडकीकडे तोंड करून रडत होती. बहिणीसाठी असेल.

२ मे
कोलेस्टेरॉलची गोळी सोडली. पोटऱ्या दुखतात. ही रोज हातावर ठेवते, मी रोज बेसिनमध्ये सोडतो. तिचंही समाधान, माझंही.
साडूला फोन करून म्हटलं, तुम्हीही सोडा, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. नुसता ‘हं, हं’ करत होता. घाबरट.

२० ऑगस्ट
छातीत जडपणा. गॅस. जिना चढताना गॅस जास्त होतो.
ही म्हणाली, डॉक्टरांकडे चला. मी ओरडलो, तुझ्या या कटकटीनंच माझी सूज वाढते! गप्प झाली. दिवसभर बोलली नाही. शांत वाटलं.

६ सप्टेंबर
साडूला शाळेच्या मैदानावर नेलं. व्यायाम म्हणजे काय ते दाखवायला. तो आपला चालत होता. मी पळालो. अर्ध्या फेरीत मैदानच अंगावर आलं. साडूनं उचलून गाडीत घातलं म्हणे. फार बारीक झालाय. आजारी असावा बिचारा.

१० सप्टेंबर, हॉस्पिटल
स्टेंटच्या आतच नळी पुन्हा बुजत आली आहे. आता बायपास. सीआरपी तेरा. साडूची एकच्याही खाली. डॉक्टर या वेळी रागावले नाहीत. फाइल मिटून हिच्याशीच बोलले.
दुपारी साडू आला. लिफ्ट बंद, चौथा मजला, तरी धाप नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुमचे फार उपकार आहेत. सकाळी उठायचा कंटाळा आला की तुम्हाला डोळ्यांसमोर आणतो, ताडकन उठतो.
ही हसली. मला स्टेंट बसल्यापासून पहिल्यांदाच. तोंडावर पदर धरला, तरी हसू आवरेना.
मग दोघं खाली चहा प्यायला गेली. जिन्यानं.