कळवल्यास आनंद होईल

मँचेस्टर,
८ मार्च १९९३

ती. डोरीन आत्यास,
जिलियनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि धुरी दिलेल्या माशांचं पुडकं एकाच दिवशी मिळालं. घरमालकीणबाई दोन दिवस नाक मुरडून खिडक्या उघडत होत्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच एक मासा मागून घेतला.

तू विचारलंस की विद्यापीठात इंग्रजी शिकणारी मुलगी कचेरीत काय करते. अगं, आमच्याकडे दोन वर्षं भाषा आणि भाषाशास्त्र शिकलं की एक वर्ष बाहेर खरीखुरी नोकरी करायची, मग परत येऊन शेवटचं वर्ष. माझ्या कचेरीत सरकारी पत्रं सोपी करून देतात. बाबा विचारतात की एवढ्यासाठी विद्यापीठ कशाला. त्यांना सांग की आमच्या हॅलिवेल साहेबांनी परवा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

झालं असं की, शस्त्रक्रियेच्या यादीतल्या लोकांना ती अजून हवी आहे का, हे इस्पितळांना पत्राने विचारायचं असतं. जुन्या पत्रात चक्क दम भरला होता: चौदा दिवसांत उत्तर आलं नाही तर नाव काढून टाकू. म्हाताऱ्या, आजारी माणसांशी असं बोलतात का? मी ते वाक्य उडवलं आणि लिहिलं, 'शस्त्रक्रिया अजूनही हवी असल्यास चौदा दिवसांत तसे कळवल्यास आम्हाला आनंद होईल.' माणसं 'कर' न म्हणता 'केलंस तर बरं होईल' असं का म्हणतात, यावर गेल्या वर्षी मी निबंध लिहिला होता आणि वर्गात पहिली आले होते. आता सहा इस्पितळं माझं वाक्य वापरणार आहेत!

तुझं अक्षर या वेळी फार मोठं आलंय, ओळीही तिरक्या. मोतीबिंदूचं काही कळलं का?

मासे संपले, लोभ संपू देऊ नकोस.

तुझी,
जिलियन


फ्लीटवूड,
१४ एप्रिल १९९३

चि. जिलियनला अ. उ. आ.

तुझ्या वाक्याची गोष्ट तुझ्या बाबाला वाचून दाखवली. तो हुं म्हणाला. त्याचं हुं म्हणजे काय ते तुला माहीत आहेच.

मी बरी आहे. ट्रामचा नंबर दिसत नाही, पण आमच्याकडे ट्राम येऊन येऊन जाणार कुठे? परवा चहात साखर समजून मीठ घातलं आणि पाद्रीबाबांना दिला. बिचारे सगळा प्यायले.

नऊ दिवसांपूर्वी इस्पितळाचं पत्र आलं. फार सभ्य पत्र. शस्त्रक्रिया हवी असेल तर कळवा, आम्हाला आनंद होईल, म्हणे. बघ, किती चांगली माणसं! मी लिहायला बसले होते, पण म्हटलं, त्यांच्याकडे नाव आहेच माझं, सव्वा वर्ष झालं. उगाच त्यांच्या आनंदासाठी कामातल्या माणसांना कशाला त्रास द्यायचा? बोलावतील तेव्हा जाईन.

जेवत जा. सवडीने चार ओळी लिही.

तुझी आत्या,
डोरीन


फ्लीटवूड,
२० जून १९९३

चि. जिलियनला अ. उ. आ.

दोन महिने तुझं पत्र नाही. कामात असशील. मीही लिहिणार नव्हते, पण आता कुणाला तरी विचारायलाच हवं आणि बाबाला विचारायची माझी तयारी नाही. तू त्याला सांगू नकोस.

मंगळवारी इस्पितळात जाऊन माझा नंबर कधी, ते विचारलं. खिडकीतल्या मुलीने वही पाहिली आणि सांगितलं की एप्रिलमध्येच माझं नाव काढलंय, कारण मी उत्तर दिलं नाही. पुन्हा नाव घातलं तर पंधरा-सोळा महिने. मग मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की आजी, तुम्हाला वाचता येतं ना? रांगेत आमच्या गोदीतल्या चार बायका होत्या. मी हो म्हणाले आणि माझे कान तापले. बाहेर येऊन चुकीच्या ट्राममध्ये बसले.

ते पत्र सोबत पाठवते आहे. भिंग घेऊन तीनदा वाचलं. नाव काढणार असं त्यात कुठे लिहिलंय तेवढं मला दाखव. भाची विद्यापीठात इंग्रजी शिकते आणि आत्याला पत्र कळत नाही, याची फार लाज वाटते गं.

तुझी आत्या,
डोरीन


मँचेस्टर,
२४ जून १९९३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तुझी काहीही चूक नाही. नाव काढणार असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पत्र वाईट लिहिलंय. अशी पत्रं इस्पितळं नीट न तपासताच पाठवतात. तू तक्रार कर. मसुदा सोबत जोडला आहे, फक्त सही करून पाठव.

घाईत आहे. राग धरू नकोस.

जिलियन


फ्लीटवूड,
२ जुलै १९९३

चि. जिलियनला अ. उ. आ.

तुझा मसुदा मिळाला. छान आहे. सही अजून केली नाही.

तुझं पत्र मी व्हेरा डगडेलला वाचून दाखवलं. गोदीत मासे कापायला चाळीस वर्षं माझ्या शेजारी उभी असायची ती. तिलाही तेच पत्र आलं होतं. तिनेही उत्तर दिलं नाही, तिला वाटलं ते नाताळच्या शुभेच्छांसारखं काहीतरी आहे. तिचंही नाव गेलं. गेल्या आठवड्यात ट्राममधून उतरताना तिला पायरी दिसली नाही, मनगट मोडलं. आता डाव्या हाताने चहा ढवळते आणि मला हसवते. तिचं म्हणणं, तुझी भाची याच कामात आहे तर हे पत्र लिहिणाऱ्याला शोधून तिने त्याचा कान उपटावा. मी म्हटलं, कळवते.

तर कळवलं.

तुझी आत्या,
डोरीन


मँचेस्टर,
१९ जुलै १९९३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. ते वाक्य माझं आहे. मार्चमध्ये ज्याची फुशारकी मारली होती, तेच. तू पाठवलेला कागद उघडला तेव्हा पहिल्या ओळीतच ओळखलं, आणि तरी तुला लिहिलं की चूक इस्पितळाची. तुझ्या लाजेवर मी माझी लाज झाकली. असं कुणी परक्याशीही करू नये.

याहून वाईट पुढे आहे. तुझं एप्रिलचं पत्र मी कचेरीच्या जिन्यात उभ्याने वाचलं होतं. 'फार सभ्य पत्र' एवढं वाचून हुरळले आणि वर जाऊन सगळ्यांना सांगितलं की माझं पत्र माझ्या आत्याला आवडलं. पुढच्याच ओळीत तू लिहिलं होतंस की उत्तर पाठवणार नाही. चौदातले तीन दिवस तेव्हा शिल्लक होते. एक फोन केला असता तरी पुरलं असतं. माणसं सरळ न बोलता कशी बोलतात यावर मी पंचवीस पानं लिहिली, आणि आपल्या घरची माणसं 'कशाला त्रास द्यायचा' म्हणून गप्प बसतात हे मला सुचलं नाही. मी त्याच घरात वाढले ना गं!

हॅलिवेल साहेबांना सगळं सांगितलं. आधी ते म्हणाले की इस्पितळाने मसुदा मंजूर केला होता, आता तू कशाला ओढवून घेतेस. मी व्हेराबाईंच्या मनगटाचं सांगितलं. मग त्यांनी माझ्यासमोर फोन केला. तुमच्या एकट्या इस्पितळातून बावन्न नावं गेली आहेत. ती सगळी जुन्या जागी परत घालणार आहेत आणि प्रत्येकाला नवं पत्र जाणार आहे. विद्यापीठाला द्यायच्या अहवालात मी हे सगळं लिहिलंय. वर्ष वाया गेलं तर जाऊ दे.

व्हेराबाईंना कान कुणाचा ते सांग. मला लिहायचा धीर नाही. तुझ्यापुढे यायला लाज वाटते, म्हणून या वेळी लोभाचं काही मागत नाही.

जिलियन


फ्लीटवूड,
२६ जुलै १९९३

चि. जिलियनला अ. उ. आ.

एकदाचं आलं. सतरा दिवस टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावले होते, आणि डोळे कसले ते तुला माहीत आहेच. तुझी पत्रं मी बिस्किटांच्या डब्यात ठेवते. जूनचं ठेवायला गेले तर मार्चचं हाताला लागलं, आणि त्यात इस्पितळाचं ते वाक्य जसंच्या तसं. दोन्ही कागद शेजारी धरून भिंगाने पाहिले. व्हेराची हकिकत मुद्दाम लिहिली. राग आला होता, खोटं कशाला बोलू? वाक्याचा नाही, त्या तक्रारीच्या मसुद्याचा.

आता माझं ऐक. अठ्ठावन्न साली माझ्या हातच्या तुकड्यात काटा राहिला आणि मुकादमाच्या आईच्या घशात अडकला. मुकादम ओरडत आला तेव्हा मी व्हेराच्या फळीकडे बोट दाखवलं. तिचा आठवड्याचा पगार कापला. पस्तीस वर्षं मी तिच्या हातचा केक खाल्ला आणि बोलले नाही. तुझं पत्र आलं तशी उठून तिच्याकडे गेले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या, तुझी आणि माझी. ती म्हणाली की माझं तिला त्याच दिवशी कळलं होतं, मी कधी सांगते याची ती वाट पाहत होती. तुझं ऐकून मात्र डाव्या हाताने चहा ढवळत राहिली. मग म्हणाली की पोरीला म्हणावं, प्लास्टर निघेपर्यंत दर शनिवारी येऊन माझे केस विंचर. तू येशील असं मी सांगून टाकलंय.

नवं पत्र आलं. शस्त्रक्रियेची तारीख नऊ सप्टेंबर. खाली ठळक अक्षरात लिहिलंय की उत्तर दिलं नाही तर नाव काढू. वाचून बरं वाटलं. त्याच दिवशी उत्तर टाकलं.

तशीच मीही आता स्पष्ट लिहिते. तू पत्र पाठवलंस तर आनंद होईल. नाही पाठवलंस तर नाव काढून टाकीन.

तुझी आत्या,
डोरीन