ओहोटीच्या रेघा

मामा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हा मांडीवर असलेल्या माझ्या मुलाची मुलगी आता कॉलेजात जाते. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. सासरा घरातच, सून घरातच, मधे एक उंबरा. पत्र कशाला लागतंय? पण गेल्या महिन्यात तुमच्या या पणतीनं धाराशिवच्या आमच्या फ्लॅटात काचेची पेटी आणून ठेवली, आतमधे समुद्रातले दगड आणि दगडाला चिकटलेलं एक फूल. तेच फूल. नावाला फूल, खरं तर समुद्रातला जीव; बोटांसारख्या पाकळ्या, वारा नसताना हलणाऱ्या. पेटीबरोबर समुद्राचं पाणी करायच्या मिठाचे, दोन कंपन्यांचे, दोन डबे आले होते. "आजी, हात लावू नको, केमिकल आहे," असं म्हणून ती आंघोळीला गेली. मी दोन काचेच्या पेल्यांत दोन्हीकडची चिमूट-चिमूट घातली, ढवळली आणि जपाची माळ घेऊन बसले. माळ संपेतोवर एका पेल्यातलं पाणी नितळ झालं, दुसऱ्याच्या तळाला पांढरा गाळ. ती आली तेव्हा म्हटलं, "हे ठेव, ते परत कर." ती म्हणाली, "तुला काय कळतं गं यातलं? तेरला काय समुद्र होता का?" मी म्हटलं, "होता."

होताच की. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मुंबईच्या मासेघरातली नोकरी संपवून नुकते गावी आला होता. आयुष्यभर समुद्राकाठच्या इमारतीत काचा पुसल्या, माशांना चारा घातला, आणि निवृत्त होताना पत्र्याच्या दोन डब्यांत दगड आणि फूल, आणि काखेत रिकामी काचेची पेटी घेऊन एसटीनं तेरला उतरलात. आत्याबाई, माझ्या सासूबाई, आयुष्यभर इथं शेत सांभाळून राहिलेल्या. त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "मानसं मुंबैवरनं लुगडं आनत्यात, आमच्या मालकानं शेवाळ आनलं." तुम्ही हसलात. गावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीत पावसानंतर शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात, त्यांतला एक उचलून तुम्ही मला दाखवलात. "समुद्र हितं आधीच येऊन गेलाय बाई. म्या काय नवा न्हाय आनला." तो तुकडा मी देवघरात ठेवला. दुपारी हात लावला तर ओला लागायचा. उन्हाळ्यातसुद्धा.

मी मॅट्रिक झालेली म्हणून समुद्राचं पाणी करायची मापं तुम्ही माझ्याकडे दिलीत. बाजारातून तीन तऱ्हेचं मीठ आणून तीन पेल्यांत विरघळवायचं. पुड्यातलं बारीक मीठ कसं ढगाळ होतं, खड्याच्या मिठाला कशी माती असते पण ती बसते, आणि नितळ पाणी वरच्यावर काढून धोतराच्या फडक्यातून गाळलं की काम होतं, हे तुम्हीच शिकवलंत. मग विलायती मीठ, जुलाबाला देतात ते. ते मी औषधाच्या दुकानात किलोनं मागितलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, घरात कुनाचं पोट एवढं धरलंय?" आठवड्याच्या बाजारात ही गोष्ट पसरली आणि आत्याबाईंनी दोन दिवस पदर तोंडाला लावून हसून घेतलं. सोलापूरहून आणलेला चुन्याचा क्षार वेगळ्या भांड्यात विरघळवायचा, खायचा सोडा वेगळ्या, दोन्हींची एकदम गाठ घालायची नाही. घातली की पाणी दुधासारखं फुटतं आणि खडू होऊन खाली बसतं. सगळं घालून झालं की एक दिवस तसंच ठेवायचं, जाता-येता काठीनं ढवळायचं, मगच पेटीत.

पहिल्या वेळी मी देवाचं तांब्याचं घंगाळ चिंचेनं लखलखीत घासून त्यात ते पाणी केलं. म्हटलं, एवढा समुद्र बनवायचा तर त्याला पवित्र भांडं नको? तुम्ही आत आलात, घंगाळ बघितलं आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "तांबं देवाला बाई! माझ्या फुलाला इख हाय ते." घंगाळ उचलून उकिरड्यावर ओतलंत. मी चुलीपाशी बसून रडले. संध्याकाळी तुम्ही लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी घासून पुसून माझ्यासमोर ठेवलीत, आणि आत्याबाई ओरडल्या, "आता लोनचं काय त्या घंगाळात घालू?" कैऱ्या त्या वर्षी धरल्याच नव्हत्या, म्हणून बरणी आपल्याला मिळाली.

खारटपणा मोजायची काच आपल्याकडे नव्हती. हे, म्हणजे तुमचे चिरंजीव, दूध सोसायटीत माप घ्यायला होते. दुष्काळानं जनावरं छावणीत गेली, सोसायटीत दोन-चार कॅन दूध यायचं, दूध तपासायची तरती नळी कपाटात पडून असायची. ती यांनी आणली. बरणीतल्या समुद्रात सोडली तर ती पंचविसाच्या खुणेवर तरली. हे म्हणाले, "दादा, ह्या खुनेचं दूध आमी परत पाठवतो. पानी घातलेलं म्हनून." तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. "बरोबरच हाय. समुद्रात लई पानी घातलंय देवानं."

आणि भरती-ओहोटी. रोज सकाळी तुम्ही विचारायचात, "बाई, तिथी?" मी पंचांग बघून सांगायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे कोकणातल्या कोळ्यांनी तुम्हाला शिकवलेलं. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, अष्टमीला सहा. त्यापुढं सहा तासांनी ओहोटी. आपण खाटेवर बसून फुलाकडं बघायचो. अष्टमीला बाराच्या सुमाराला ते मूठ आवळल्यासारखं मिटायचं आणि सहाला उघडायचं. समुद्र शेकडो मैल लांब, गावची तेरणा नदी कोरडी ठणठणीत, आणि हे फूल तिकडचं पाणी ओळखायचं. मला भीती वाटायची. तुम्ही म्हणायचात, "भ्यायचं न्हाय. त्याला ठावं हाय ते कुठलं हाय." एकदा असंही म्हणालात की समुद्राकाठची माणसं भरतीला जात नाहीत, पाणी उतरायला लागलं की त्याच्याबरोबर जातात. मी विषय बदलला.

पेटीतलं पाणी रोज उन्हानं उडायचं, साधारण एक तांब्या. तो तांब्या गोड्या पाण्याचाच हवा. "मीठ कुठं जात न्हाय बाई, पानीच जातं," हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं असेल. पाणी कुठवर हवं ते कळावं म्हणून दवाखान्यातली चिकटपट्टी तुम्ही पुढच्या काचेला लावली होती. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून गोडं पाणी नदीच्या वाळूतल्या झिऱ्यातून आणायचं. वाटी-वाटीनं भरून दोन कळशा, की सकाळ संपली. बाया रांगेत टोमणे मारायच्या. "तुज्या सासऱ्याचा समुद्र लई तहानेला गं." "समिंद्राला पानी पाजनारी तू पयलीच." मी ऐकून घ्यायची आणि घरी येऊन पट्टीपर्यंत तांब्या ओतायची.

त्या उन्हाळ्यात तुमचं उजवं अंग गेलं. खाट पेटीसमोर घेतली, तुम्ही खालून वर बघत पडून राहायचात. जिभेत एकेक शब्द उरला होता. "तिथी?" "पानी?" डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मी नवस केला, तुम्ही उठून बसेपर्यंत देवांना रोज गोड्या पाण्यानं आंघोळ घालीन. सगळं गाव विहिरीच्या मचूळ पाण्यानं देव धूत होतं, माझेही देव त्यानंच धुतले जात होते. पण नवस बोलताना तोंडातून गोडं पाणी निघून गेलं, आणि झिरा तर आटत चालला होता. दोन कळशांची दीड झाली. घरच्यांच्या पिण्यातलं काढता येत नव्हतं. उरला एकच तांब्या.

पहिल्या दिवशी वाटलं, आंघोळीचं पाणी मागाहून पेटीत घालीन, दोघांचंही भागेल. पण देव पितळेचे, ताम्हण तांब्याचं. तुमचं ते 'इख', तांब्याचं विष, कानात वाजलं. पाणी तुळशीला घातलं.

तिसऱ्या दिवशी पाणी पट्टीच्या बोटभर खाली गेलेलं उघड दिसायला लागलं. हे विचारतील, तुम्हाला दिसेल. मी पुढची काच ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली आणि पट्टी काढून बोटभर खाली लावली. मामा, हे मी एकदा नाही केलं. दर तिसऱ्या दिवशी केलं. तरती नळी सोडली की ती वर वर यायला लागली; पंचविसावरून तिसावर, तिसाच्याही वर. समुद्र अस्सल दुधाइतका जड झाला. फूल आक्रसून सुपारीएवढं झालं, कुठल्याच तिथीला उघडेना. घरात मात्र दुपारी समुद्राचा वास सुटायचा, मासेघराबद्दल तुम्ही सांगायचात तसा. दाराच्या कडीला गंज चढला, पावसाचा थेंब नसताना. माझ्या ओठांना सारखी खारट चव यायची, मी घाम समजून पुसायची.

एकदा यांनी पेटीकडं बघून विचारलंच. "पानी कमी दिसतंय गं. घालतीस का न्हाय?" मी हातातलं फडकं पिळायला लागले. तेवढ्यात खाटेवरून तुमचा आवाज आला, जड, पण स्वच्छ. "ओहोटी." हे म्हणाले, "काय म्हनता दादा?" तुम्ही पुन्हा म्हणालात, "ओहोटी हाय." यांना वाटलं, डोकं फिरलं म्हाताऱ्याचं. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. त्यानंतर कुणी पेटीकडं बघितलं की तुम्ही तेच म्हणायचात.

तुम्ही गेलात तो दिवस अष्टमीचा. सकाळी देवांची आंघोळ झाली होती. बाराला थोडं कमी असताना मी तुम्हाला चमच्यानं पेज भरवत होते. तुम्ही चमचा दातांनी अडवलात आणि म्हणालात, "भरती?" मी म्हटलं, "येईल की मामा. सहाला." तुमची नजर माझ्या डोक्यावरून मागं गेली, पेटीवर, तिथंच थांबली. तोंडाचा चांगला अर्धा भाग हसला. पेज ओठांवरून खाली आली. बाहेर लख्ख ऊन, उंबऱ्यापाशी कोंबड्या, आणि घरात एवढं गप्प की पेटीतलं पाणी उतरताना ऐकू येईल असं वाटलं.

तुम्हाला नेलं. घर सारवून आत आले तेव्हा सहा वाजले होते. फूल उघडलं होतं. कितीतरी दिवस सुपारी होऊन बसलेलं ते फूल, सगळ्या पाकळ्या पसरून, खाट जिथं होती तिकडं झुकलेलं. शेजारची बाई सोबतीला बसली होती, ती म्हणाली, "अगं, हे तर कुनाला तरी हात करतंय." मी म्हटलं, वेळ झाली त्याची. दुसरं काय म्हणणार? सकाळपर्यंत ते गळून पडलं होतं.

तुमची खाट होती त्या जागी दहा दिवस दिवा ठेवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वात सारायला तिथं जमिनीवर बसले आणि सहज वर बघितलं. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन तिरकं पेटीवर आलं होतं. मागच्या काचेवर, आतून, पांढऱ्या रेघा उजळल्या होत्या. एकाखाली एक, बोटा-बोटाच्या अंतरावर, पट्टीनं आखल्यासारख्या. सात. दर वेळी पाणी उतरलं तिथं मीठ मागं राहिलं होतं. मी पुढची काच पुसत होते. मागची काच भिंतीला लागून, भिंत चुन्याची पांढरी, उभ्यानं बघणाऱ्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त खालून, खाटेवरून.

म्हणजे तुम्ही सगळं बघत होता. पट्टी पहिल्यांदा खाली आली त्या दिवसापासून. ओरडला नाहीत. तांब्याच्या घंगाळासाठी ओरडणारा माणूस तीन आठवडे आपला समुद्र आटताना बघत पडून राहिला आणि घरच्यांसमोर सुनेचं पाप झाकायला एक शब्द पुढं करत राहिला. की मला बरं वाटावं म्हणून मी हे मानत आलेय? तुम्ही कुणाला वाचवत होता, की नुसती वेळ सांगत होता? पाणी उतरलं की माणूस जातो म्हणणारे तुम्हीच, आणि उतरवणारी मी. नवस तुमच्यासाठीच केला होता हो. देवांनी तो घेतला की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. पेटी मी रिकामी केली, रेघा नखानं खरवडल्या. एक काही केल्या निघेना, सर्वांत वरची.

आता तुमची पणती परीक्षेला लातूरला गेलीय, तीन दिवस. जाताना काचेला निळी चिकटपट्टी लावून गेली. "आजी, जारचं पाणी फक्त, पट्टीपर्यंत." नळ आठ दिवसांतून एकदा येतो, बोअरचं पाणी मचूळ, जारवाला दोन दिवस फिरकला नाही. आज दुपारी तिचा फोन आला. "पाणी पट्टीला लागलंय ना गं?" मी पेटीकडं बघितलं आणि माझ्या तोंडून तुमच्यासारख्या जड आवाजात निघालं, "ओहोटी हाय." "काय?" ती म्हणाली. मी घसा खाकरला. "लागलंय म्हटलं. अभ्यास कर."

हा कागद पंचांगात ठेवते आहे, अष्टमीच्या पानात. तुम्हाला पाठवायचा तर पत्ता कुठला घालू? फोन ठेवल्यावर गुडघे धरत धरत मी जमिनीवर बसले आणि खालून वर बघितलं. मागच्या काचेवर एक पांढरी रेघ होती. पदर ओला करून मी ती पुसली. जारमधे आज सकाळी एकच तांब्या उरला होता, मामा, आणि तो मी पुन्हा देवांच्या आंघोळीला घातला.