बाकावरची टाचणी

४ फेब्रुवारी
चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझा वर्ग, नवऱ्याचा खोकला, सगळं कळलं. पण तुझं अक्षर अलीकडे फार बारीक झालंय. मास्तरीण झालीस, जरा कागदावर खर्च कर.

आता माझी बातमी. शाळेत माझ्या बाकाला चिकटलेली टाचणी आठवते ना? ती कामाला होती तो कपड्यांचा कारखाना बंद पडला, म्हणून मी तिला माझ्या शिवणाच्या दुकानात ठेवून घेतली. आधी बरं चाललं होतं, आता कुठेतरी पाणी मुरतंय. मी निघाले की हिला नेमकं काहीतरी आवरायचं असतं. किल्ली मागून घेते. सकाळी तिच्या मशीनखाली उसवलेल्या दोऱ्यांचे तुकडे पडलेले असतात. गिऱ्हाइकं तिच्याशी कुजबुजतात, मी आले की गप्प. उद्या समोरच दुकान थाटून माझ्या नाकावर टिच्चून बसेल.

शाळेत तरी वेगळं काय होतं? मला खेटून बसायची, हत्तीएवढं अक्षर काढायची आणि वही बाकाच्या मधोमध सरकवायची, मिरवायला! शेवटच्या वर्षी मला चष्मा लागला आणि ही बया बाक बदलून खिडकीशी जाऊन बसली. गरज सरो, वैद्य मरो. जित्याची खोड, दुसरं काय.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुझी ताई

११ फेब्रुवारी
ती. ताईस (चारच महिन्यांनी मोठी असलीस तरी),
सा. न. वि. वि.

शाळा सुटून इतकी वर्षं झाली, लग्नं झाली, केस पिकले, आणि तू अजून बाकाच्या भांडणात! तिनं एवढ्या वर्षांत कारखान्यात हजारो कपडे तपासले असतील. तिला तुझी गिऱ्हाइकं पळवून काय करायचंय? संशयाला औषध नसतं, ताई. आधी पुरावा दाखव.

तुझ्या दुकानाची आठवण निघाली की आमच्याकडे अजून हसतात. मागच्या भेटीत तू हँगरवरच्या कोटाला बसायला सांगितलंस आणि तो बसेना म्हणून रागावलीस. काय नक्कल केलीस ग!

माया असू दे, रागही असला तर चालेल.
तुझी बारकी

१९ फेब्रुवारी
चि. बारकीस,
अ. उ. आ.

पुरावा हवा होता ना? घे. वकीलबाईंच्या काळ्या कोटाच्या बाह्या संध्याकाळी मी स्वतः जोडल्या. सकाळी कचऱ्याचा डबा ओतायला गेले, तर शेजारच्या घड्याळजींनी विचारलं की काल एवढं निळं काम कुठलं काढलं होतं. डब्यात मूठभर निळा दोरा! या आठवड्यात माझ्याकडे निळं कापड आलेलंच नाही. म्हणजे माझ्या पाठीमागे, माझ्याच मशीनवर, बाईसाहेब बाहेरची कामं करतात. महिनाअखेरीला तिला नारळ देणार. तू मध्ये पडू नकोस.

आणि कोटाची नक्कल कसली? कोणीतरी उभं होतं तिथे.

तुझी ताई

२२ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी मध्ये पडणारच. तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली. ओळी एकमेकींवर चढल्यात, ताई. मला वाटायचं घाईत लिहितेस.

मी तुमच्या मागच्याच बाकावर बसायचे. तू फळ्याकडे कधी बघायचीच नाहीस, टाचणीच्या वहीत बघून लिहायचीस. बाईंनी कॉपीचा आरोप केला तो मात्र तिच्यावर, आणि तिनं तो अंगावर घेतला. वर्गात डोळे बारीक करणारी मुलं मी रोज बघते, पण तुझं कोडं आज उलगडलं. चष्मा आल्यावर ती खिडकीशी का गेली असेल, सांग बरं?

एकच कर. तुझ्या मशीनवरचं रीळ काढ आणि घड्याळजींना रंग विचार. तोवर तिला काही बोलू नकोस, तुला माझी शपथ.

तुझी बारकी

९ मार्च
चि. बारकीस,
अ. उ. आ.

अक्षर पाहून दचकू नकोस. मी सांगतेय, टाचणी लिहितेय.

रीळ निळं निघालं. मी ते काळं म्हणूनच लावलं होतं. फार घाबरले ग. डोळे गेले तर शिवणारीनं करायचं काय? हिला विचारलं की सांगितलं का नाहीस, माझ्या वाकड्या टिपा उसवून गुपचूप परत का घालत बसलीस? तर म्हणाली की शाळेत एकदाच सांगितलं होतं, तुला फळा दिसत नाही म्हणून, तेव्हा तू महिनाभर अबोला धरला होतास. पुन्हा सांगायची छाती झाली नाही. मला तो अबोला आठवतो, कारण मात्र साफ विसरले होते.

डॉक्टर म्हणतात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, काढला की दिसेल. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. दुसऱ्या ओळीला मी अडले आणि मग धडाधड वाचत सुटले. डॉक्टरांनी वळून पाहिलं आणि टाचणीला बाहेर काढलं, इथे कॉपी चालत नाही म्हणून. बाहेर बाकावर बसून ही हसत होती, आत मला रडू येत होतं.

पुढच्या आठवड्यात पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दुकान तीच बघणार. मी सांगते तेवढंच लिहिते की पदरचं घालते, ते आज मला कळायला मार्ग नाही. म्हणून हे पत्र जपून ठेव. दिसायला लागलं की मी येऊन स्वतः वाचणार आहे.

तुझी ताई