हिरूकाकांच्या नावाची नळी

हिरूकाका,

१. आपल्या कैनाड गावी, घरच्या ओट्यावर आम्ही घरातल्यांचं रक्त घेतलं.
२. ‘हिरू’ लिहिलेल्या नळीचा रिपोर्ट आला : दोष नाही.
३. तुम्ही कोंबडा कापून अख्ख्या पाड्याला जेवण घातलंत.
४. त्या नळीत तुमचं रक्त नव्हतं.

नमस्कार. पुतळीकाकी बरी असेल, घोलवडच्या वाडीत चिकूची तोडणी जोरात असेल. तुमच्या तब्येतीची वेगळी चौकशी करत नाही, पुढचं सगळं पत्र तीच आहे. (हर्षदा, बापाला वाचून दाखवताना कंसातलं वगळू नकोस.)

मी मुंबईत काय करते हे तुम्ही दोनदा विचारलंत, दोन्ही वेळा उत्तराआधी उठून गेलात. अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांच्या पोटाच्या कॅन्सरची जनुकीय माहिती आमच्याकडे तपासायला येते. त्यांच्यात हा आजार तुलनेने कमी वयात दिसतो, आणि काही घरांत एका जनुकातला दोष जन्मापासून असतो, आईबापाकडून आलेला. (काळ्याकाकांनी विचारलं, “ते लोक कोणत्या कुळाचे?” मी माहीत नाही म्हटलं. “मग कसली शिकलीस?”) त्यांच्या घरांची माहिती वाचताना मला आपलं घर दिसलं : बाबा बेचाळिसाव्या वर्षी गेले, पुष्पाआत्या अडतिसाव्या, दोघांनाही पोटाचाच. म्हणून मी बाबांच्या सख्ख्या भावंडांना बोलावलं. उरलेलं सख्खं भावंड एकच, तुम्ही. आले कुळातले अकरा जण. काकड्याकाका चिडून म्हणाले, “सख्खा म्हंजे काय गं? कूळ एक, देव एक. आमी काय सावत्र?” तुम्ही मात्र सुईचं नाव ऐकून चिकूच्या ट्रकमधून निघून गेला होतात.

मी आत आईची नळी बर्फात ठेवत होते. बाहेर आमच्या लॅबच्या मिथुनने “हिरू कोण?” विचारलं आणि काकड्याकाकांनी हात पुढे केला. नंतर मी जाब विचारल्यावर त्यांनी मला समजावलं : लावणीला हिरू नसला तर त्याच्या जागी मी जातो, मग इथं का नाही? या पद्धतीने भात लागतं, कबूल. नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे बघायला आम्ही नातंही पडताळतो, तेव्हा हे उघड झालं. पण काका, तुम्ही सुई टोचून घेतली नव्हती हे निदान तुम्हाला तरी ठाऊक होतं. तरी कोंबडा कापलात. “भावाचं साफ, म्हंजे माझं साफ,” असं तुम्ही पंगतीत म्हणालात म्हणे. तुमचं अजून काहीच तपासलेलं नाही.

आपली,
निलम

ता.क. १ : काकड्याकाकांना त्यांचा रिपोर्ट चांगला आहे एवढंच सांगा. ते आपल्या जवळच्या रक्ताचे नाहीत, असं त्या कागदावर छापलंय. ते सांगू नका.

ता.क. २ : माझाही रिपोर्ट आला. दोष आहे. आईत नाही, म्हणजे तो बाबांकडून आला. तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. असला तर हर्षदालाही तपासावं लागेल. सोमवारी मुंबईत माझ्या पोटात दुर्बीण घालणार आहेत. सोबत घरचं माणूस लागतं. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही आलात तर तुमचं रक्तही तिथेच देता येईल; सुई लहान असते. येता की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा.