सूर उतरवायचं बटण

ठाणे, १२ मार्च १९९४

ती. दादास,
मालनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरला, तो वर आलाच नाही. दाराआडून कोण आहे विचारलं की पोस्टमन मला साहेब म्हणतो. त्याचं काही नाही. पण परवा भजनी मंडळाच्या रंभाताईंनी माझ्या हातात टाळ दिले आणि म्हणाल्या, मालन, आता तू नुसती वाजव. बावीस वर्षं गातेय मी तिथे! मंडळाची पेटी काळी चारवरून हलत नाही आणि माझा गळा तिथवर पोचत नाही. म्हणून गळाच बाद.

चैत्रात भजनाची पाळी माझ्या घरी आहे. जिच्या घरी भजन, तिचा पहिला अभंग, ही मंडळाची रीत. रंभाताई म्हणतात, यंदा सुनेला म्हणू दे. सून नाही म्हणणार, मी म्हणणार. त्यासाठी कॅराओकेचं मशीन घ्यायचं ठरवलंय. कॅसेट लावायची, मूळ गाणाऱ्याचा आवाज दाबायचा आणि माईक धरून आपण गायचं. तुझा जुना विद्यार्थी उत्तम असली मशीनं विकतो ना? बघून कळव. ह्यांना विचारलं, ते पेपराआडून हं म्हणाले. तेवढी संमती पुरे.

वहिनीस नमस्कार. आवाज बदलला तरी बहीण तीच आहे, तेव्हा लोभही तोच ठेव.

तुझी,
मालन


डोंबिवली, १९ मार्च १९९४

चि. सौ. मालन हीस,
महिपतचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून प्रथम कोश काढला. त्यात कॅराओके नाही, म्हणून उत्तमकडे गेलो. नववीत ‘देव’ चालवताना तिसऱ्या विभक्तीत धापा टाकणारा हा मुलगा आता एका श्वासात दहा बटणांची नावे घेतो. विद्या कुठे फळेल, सांगता येत नाही.

त्याच्याकडे दोन यंत्रे आहेत. पहिल्याला दोन माईक, गाण्याबरोबर नाचणारे रंगीत दिवे आणि असा घुमारा, की मी नुसता खोकलो तर गुहेत तपस्वी जागा झाल्याचा भास झाला. दुसरे दिसायला जेवणाचा डबा. त्याला एक बटण जास्त आहे. ते फिरवले की कॅसेटचा सूर खाली उतरतो, पण वेगही उतरतो आणि गाणे रेंगाळते. हा दोष आहे, असे उत्तम स्वतःच म्हणाला. दुकानदार दोष सांगतो तेव्हा ऐकावे. म्हणून दिव्यांचे राखून ठेवायला सांगितले आहे.

शिवाय थोरला भाऊ म्हणून लिहितो: पन्नाशीत टाळ वाजवणे म्हणजे काही अधःपतन नव्हे. मीही हल्ली शाळेत प्रार्थना सांगत नाही, नुसता उभा असतो.

राग आला तर लोभातून वजा करावा. शिल्लक भरपूर आहे.

महिपत


ठाणे, २३ मार्च १९९४

ती. दादास, सा. न.

तुला दिवे आवडले, मला बटण. गाणं रेंगाळतं म्हणतोस, तर ऑपरेशननंतर माझा श्वासही रेंगाळतो. आमची जोडी जमेल. लग्नाच्या वेळी तू पत्रिका बघितलीस, तेव्हा मी गप्प बसले. या वेळी निवड माझी.

प्रार्थना तू कंटाळून सोडलीस. माझं गाणं काढून घेताहेत. संस्कृत शिकवतोस आणि कर्ता कोण तेवढं बघत नाहीस? रंभाताईंना स्वतःला वरच्या सुरावर ठसका लागतो, तेव्हा दोष सुंठवड्याचा. माझा आवाज उतरला तर दोष माझा!

दिव्यांचं घेतलंस तर ते परत येईल, आणि मागोमाग मी येईन, माईकसकट.

लोभ आहेच, बटण हवं.

मालन


डोंबिवली, २ एप्रिल १९९४

चि. सौ. मालन हीस, अ. आ.

कर्ता ओळखला. डबा घेतला. खात्री करावी म्हणून दार लावून बटण पूर्ण उतरवले आणि एक भूपाळी म्हटली. थोड्या वेळाने शेजारचे शिवरामपंत विचारायला आले, घरात कोणाला बरे नाही का. तुझी वहिनी म्हणाली, आता बरे वाटते आहे.

रविवारी घेऊन येतो. आंबेडाळीपुरता तरी लोभ राखून ठेवणे.

महिपत


ठाणे, २४ एप्रिल १९९४

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

शुक्रवारी आमचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि भजन झालं. सुनेने कॅसेट लावली, मी बटण फिरवलं, माईक धरला. पहिल्या ओळीला मागे एकही आवाज नाही. रंभाताई पंख्याकडे बघत होत्या. दुसऱ्या कडव्यात माझा आवाज एके ठिकाणी फाटला. थांबले नाही. फाटला तसाच पुढे नेला. तिसऱ्या कडव्याला पेटीवरच्या रतनताईंनी पट्ट्या चाचपल्या आणि खाली पांढरी तीनवर मला गाठलं. मग सगळ्या एकदम आल्या. दादा, कुणालाही ताणावं लागलं नाही! आम्ही सगळ्याच पन्नाशीच्या आणि सूर अजून विशीतला धरून बसलेलो.

पन्हं गाळत होते, तर रंभाताई स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, ते बटण मला चालेल का गं? मी म्हटलं, बाहेर सगळ्यांसमोर विचारा. त्यांनी पेलाभर पन्हं संपवलं, पदर खोचला, बाहेर जाऊन विचारलं. मीच बटण फिरवून दिलं. अख्खी गौळण म्हटली त्यांनी, एक ठसका नाही. सुंठवडा निर्दोष सुटला.

पुढची पाळी त्यांच्याकडे. जाताना म्हणाल्या, मशीन पाठवून दे. मी म्हटलं, ते एकटं कुठे जात नाही, मी गायला बरोबर येते. आणि ते टाळ त्यांच्याच पिशवीत घालून दिले.

लोभ वाढला तर तक्रार नाही.

तुझी,
मालन